प्लोवदिवच्या रंगमंचावरची नांदी

फणसवाडीत आमच्या शेजारी राहणारे कमलाकांतकाका म्हणजे जन्मजात प्रॉम्प्टर. विमा कंपनीत नोकरी केली ती पोटासाठी. खरं आयुष्य गेलं गणेशोत्सवातल्या नाटकांच्या विंगेत, हातात संहिता धरून दुसऱ्यांना वाक्यं पुरवण्यात. ते अंधारात आणि त्यांची बायको, यशोदाकाकू, उजेडात. काकू कामं करायच्या, गायच्या, आणि आपण किती छान गायलो हेही स्वतःच सांगायच्या. लाजणं हा प्रकार त्यांच्याकडे नाही.

गेल्या वर्षी दादरच्या एका ट्रॅव्हल कंपनीच्या सहलीत दोघांनी नावं घातली. त्या सहलीत बल्गेरियातलं प्लोवदिव हे गाव होतं, आणि काकूंनी नेमका त्याचाच ध्यास घेतला. त्या दिवसापासून आम्हाला दुसरं ऐकायलाच मिळेना. "रोमच्याही आधीचं गाव आहे ते, समजलीस?" आधी थ्रेशियन लोक, मग मॅसिडोनियाचा फिलिप, त्याने गाव जिंकून त्याला स्वतःचं नाव दिलं, मग रोमन, मग तुर्क. गावाच्या सात टेकड्यांपैकी एक दगडासाठी फोडून फोडून संपवली, हे सांगताना त्या माझ्यावरच अशा डाफरायच्या की जणू सुरुंग मी लावला होता.

पण खरा जीव अडकला होता तो तिथल्या रोमन नाट्यगृहात. जवळजवळ दोन हजार वर्षांचं, मातीखाली गडप झालेलं, मागच्या शतकात खणून काढलेलं. उन्हाळ्यात आजही तिथे प्रयोग होतात. दगडी बाकांवर शहरातल्या निरनिराळ्या गटांची नावं कोरलेली आहेत, म्हणे. "म्हणजे बघ, ही आपल्या फणसवाडीची रांग, ही शेजारच्या मुगभाटाची," काकू समजावायच्या. रंगमंचावर पाय ठेवला की आधी नांदी, हा त्यांचा नेम. तेव्हा त्या मंचावर उभं राहून नांदी म्हणायची, हे त्यांनी ठरवूनच टाकलं. रोज सकाळी कुकरच्या शिट्ट्यांना न जुमानता सराव चालायचा.

निघायला महिना उरला असताना त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, प्रवासाला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. काका आपलंही रद्द करायला निघाले तर काकू कडाडल्या, "दोघांनी घरात बसून माझ्या हाडाकडे बघत राहायचंय का? तुम्ही जा. आणि येऊन मला सगळं सांगा." सोबतीला बहिणीला बोलावून त्यांनी नवऱ्याला अक्षरशः घराबाहेर काढलं.

काका परत आले तेव्हा बॅग खाली ठेवायच्या आत काकूंनी विचारलं, "नाट्यगृह?"

"बंद होतं," काका म्हणाले. "दुरुस्ती चाललीय. बाहेरूनच पाहिलं."

हे साफ खोटं होतं. थोड्या दिवसांनी गॅलरीत मला त्यांनीच सांगितलं. "उघडं होतं गं. पायऱ्या उतरून खाली गेलो, मंचावर उभा राहिलो, आणि काय झालं कळलं नाही, तिची नांदी म्हणायला लागलो. अख्खी म्हटली. आपली माणसं, परकी माणसं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला, प्रॉम्प्टरला! आणि खरं सांगू? त्या वेळी ती मला आठवलीसुद्धा नाही."

"मग सांगून टाका ना त्यांना," मी म्हणाले.

"कसं सांगू? तिच्या ताटातलं उचलून खाल्लंय मी."

मला रागच आला. गाण्याचा नव्हे, लपवण्याचा. पण त्यांच्याकडे बघवत नव्हतं. माणूस पार खंगला. भाजी निवड, तिची वेणी घाल, पाय चेपून दे, असं दिवसभर चाललेलं. घास काही उतरत नव्हता. जुन्या गावातली रंगीत घरं, गल्लीवर झुकलेले त्यांचे वरचे मजले, बाजारपेठेतल्या दुकानांखाली दबलेलं रोमन स्टेडियम, हे सगळं त्यांनी सांगितलं, पण सुतक असल्यासारखं. "दुकानांखाली स्टेडियम, आणि तुम्ही नुसतं 'बरं होतं' म्हणता?" काकू वैतागायच्या. भेटायला येणाऱ्यांना मात्र हसून सांगायच्या, "पडले ते बरंच झालं बाई. गेले असते तर बंद दारासमोर रडत बसले असते." असं म्हणाल्या की काका उठून गॅलरीत जायचे.

सहलीचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. नाव रद्द झालं तरी काकूंना त्यातून कुणी काढलं नव्हतं, आणि हे काकांच्या ध्यानीमनीही नव्हतं. एका संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर काकूंच्या हातात फोन. सहलीतल्या हर्षवर्धन नावाच्या मुलाने सगळ्या चित्रीकरणाची फिल्म जुळवून ग्रुपवर टाकली होती. फोनमधून काकांचा आवाज येत होता. नांदी संपली, टाळ्या झाल्या. काकूंनी ती पुन्हा लावली, शेवटपर्यंत ऐकली. काका दारात खिळून उभे.

"बंद होतं ना?" काकूंनी विचारलं.

"चुकलं माझं," काका म्हणाले आणि पलंगाच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडायला लागले.

मी उठू लागले. काकूंनी हात धरून मला बसवलं.

"गायलात त्याचं काही नाही हो," त्या म्हणाल्या. "पण गेले असते तरी मला गाता आलं नसतं, अशी समजूत घातली होती मी मनाची. त्याच्यावर तर हसत होते इतके दिवस. तेही काढून घेतलंत."

काकांनी मान खाली घातली.

"आवाज वरपर्यंत गेला?" काकूंनी विचारलं.

"गेला."

"माईक नव्हता?"

"नव्हता."

"अगदी शेवटच्या पायरीपर्यंत?"

'नाही' असं आणखी एक खोटं काकांच्या ओठावर आलेलं मला दिसलं. पण ते म्हणाले, "हो. तिथून लोकांनी हात केले."

काकूंनी तोंड भिंतीकडे वळवलं.

"मग माझाही गेला असता," त्या म्हणाल्या.