यासीनचा पिवळा माळ

यासीन गेल्याचं मला व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती, आणि त्यातले निम्मे तो हयात असताना त्याला ‘लांडगेवाला’ म्हणून हसणारे. मी मोबाइल कॉटवर आपटला. महिना होत आला, पण राग काही उतरत नाही...

बारामतीत मार्केट यार्डाजवळ त्याचं पाइप-फिटिंगचं दुकान. मी माळेगावचा ऊसवाला, आधी त्याचं गिऱ्हाईक, मग दोस्त. शुक्रवारी नमाज उरकली की दुकान बंद करून तो माझ्या मोटारसायकलवर मागं बसायचा आणि आम्ही इंदापूरकडच्या माळांवर जायचो. लांडग्यानं कोकरू कुठून उचललं, पिल्लं कुठं दिसली, हे तो मेंढक्यांना विचारायचा. पण स्वतः जाऊन पायांचे ठसे आणि केसांनी भरलेली विष्ठा बघितल्याशिवाय नकाशावर लांडग्याचा ठिपका पडत नसे. माझी टाळू तापायची, हा आपला काडीनं उकरत बसलेला. चिडकं माणूस होतं. मेंढक्यांशी भांडायचा, माझ्याशी तर कायमच.

दुकानाच्या भिंतीवर त्याचा तो मोठा नकाशा. त्यात ऊस आणि झाडी हिरवी, उजनीचं पाणी निळं आणि कुसळी गवताचा माळ पिवळा. लांडगा, चिंकारा सगळे त्या पिवळ्यात. त्यांना झाडी नको, मोकळं गवतच लागतं. आणि या शहाण्यानं त्या नकाशाच्या प्रती काढून मागेल त्याला वाटल्या!

“अरे, बिळं दाखवून देतोस व्हय लोकांना?” मी चिडून विचारलं होतं.

“तात्या, लपवून ठिवलं तर वाचवायचं कुणी? दिसलं की लोक जपत्यात.”

भाबडा! त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही.

शोकसभेत एका पुढाऱ्यानं जाहीर केलं, यासीनभाईंच्या नावानं माळावर वनराई करायची. टाळ्या पडल्या. जागा निवडली होती यासीनच्याच नकाशावरून. पिवळं म्हणजे पडीक, असं त्यांनी धरलं. त्यातही नेमका तो तुकडा, जिथं यंदा लांडगीनं पिल्लं घातली होती. मी उठून ओरडलो, तर शेजारच्यानं हात धरून खाली बसवलं. “तात्या, हितं भांडू नगा. मानूस गेलाय.”

लागवडीच्या दिवशी माळावर जेसीबी उभा, मांडव घातलेला, पाटीवर यासीनचं नाव. पहिलं रोप लावायला त्याच्या बायकोला, शमीमभाभींना आणलं होतं. बाई चारचौघांत कधी बोललेली नाही. फोटोवाले सरसावले. भाभींनी वडाचं रोप पुढाऱ्याच्याच हातात परत दिलं.

“त्यांच्या नावानं खड्डं पाडू नगा. तितं पिल्लं हायती.”

“भाभींच्या भावना आमी समजू शकतो,” पुढारी हसून म्हणाला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली मला.

पाटी मात्र संध्याकाळी निघाली. मला वाटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी तिथं नवी पाटी होती, पुढाऱ्याच्या वडिलांच्या नावाची. खड्डे पडले, रोपं लागली, बीळ मातीनं बुजलं. पिल्लांना घेऊन लांडगी निसटली की नाही, कुणालाच ठाऊक नाही.

परवा भाभींचा फोन आला. दुकान आता त्याच बघतात. नकाशासमोर उभ्या होत्या.

“तात्या, ह्यो तुकडा हिरवा करू का? माझा हात धजंना.”

नको म्हणावंसं वाटलं. पण खोटा नकाशा यासीनला चालला नसता.

“करा, भाभी.”

पिवळ्यावर हिरवा ब्रश फिरवायची वेळ आली की यासीन तोंड भरून शिव्या घालायचा, दुकानात गिऱ्हाईक असलं तरी. भाभींना ते जमणारं नव्हतं. त्या रडत रंगवत राहिल्या, आणि फोन कानाला लावून शिव्या मी घातल्या... एकेकाचं नाव घेऊन.