आठवी 'ब'चा तिसरा ठराव

कसबा बावड्यातल्या एका शाळेत दीपा मगदूम एकोणीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवत होत्या. धडे पाठ, उत्तरं पाठ. गेल्या जुलैत आठवी 'ब'ला कायदा कसा होतो ते शिकवताना त्यांना वाटलं, नुसतं वाचून काय कळणार? त्यांनी वर्गाचीच संसद केली. म्हणाल्या, "वर्गाचे नियम तुम्हीच करा. बहुमत होईल तो नियम."

पहिले दोन ठराव बिनबोभाट झाले. तिसरा ऋतुराजनं मांडला, "वर्ग रोज पोरींनी झाडायचा." पोरं हसली. बाईंनाही ती चेष्टाच वाटली. पण हात वर झाले, सव्वीस विरुद्ध चौदा.

संयोगिता उठली. "मॅडम, म्हंजे आता आमीच झाडायचं व्हय?"

बहुमताचा नियम बाईंनीच घालून दिलेला.

मधल्या सुट्टीत त्यांनी मुख्याध्यापक घाटगे सरांना विचारलं. "रद्द करून टाका की," सर म्हणाले, "त्यात काय एवढं?" पण न पटलेला ठराव आपणच मोडला तर पोरं काय शिकणार? आणि नाही मोडला, तर पोरी काय शिकणार? घरी भाकरी थापतानाही डोक्यात तेच. एक करपली.

दुसऱ्या दिवशी पोरींनी झाडूला हात लावला नाही. कागदाचे कपटे तसेच पडलेले. बाईंनी पुस्तकातली संविधानाची उद्देशिका उघडली आणि समानतेची ओळ वाचली. "याच्या विरुद्ध जाणारा नियम मताला टाकताच येत नाही. हे मी आधी सांगायला हवं होतं. चूक माझी."

"पण मॅडम," ऋतुराज म्हणाला. आता तो हसत नव्हता. "ह्ये पुस्तकातलं बी कुणीतरी मतानंच ठरवलं असंल की. मग त्यांचं मत मोठं आन् आमचं बारकं?"

"थांब. मला विचार करू दे," बाई एवढंच म्हणाल्या.

"आमी सव्वीस असतो तर रं?" मागून संयोगितानं विचारलं. ऋतुराज खाली बसला.

ठराव रद्द झाला आणि बाकांप्रमाणे सगळ्यांच्याच झाडायच्या पाळ्या लागल्या. ऋतुराजनंही झाडलं, कोपरे सोडून.

सहामाहीच्या पेपरात बाईंनी विचारलं, 'बहुमताचा प्रत्येक निर्णय योग्य असतो का?' बहुतेकांनी 'नाही' लिहून तीच ओळ उतरवली होती. पटली म्हणून, की बाईंना आवडेल म्हणून, ते त्यांना कळेना. ऋतुराजनं लिहिलं होतं, 'माझं अजून ठरलं नाही.' बाईंनी पाचपैकी तीन गुण दिले. मग खोडून चार केले, आणि पेन उघडंच ठेवून बसून राहिल्या.