शिशाचं भांडं

ही वही कोणाच्या हाती लागली तर चुका आणि वेडंवाकडं अक्षर माफ करावं. मी चौथीपर्यंतच शिकले.

आमच्या गावात, मुर्ध्यात, एक भंगारवाला यायचा. काट्यावर ठेवण्याआधी प्रत्येक वस्तू तळहातावर तोलून बघायचा. त्याच्याकडून मी सहाशे रुपयांना शिशाचं झाकणबंद भांडं घेतलं. ते वितळवून मासे धरायच्या जाळ्याला वजनं करायची होती.

दुसऱ्या दिवशी चूल पेटवली, तेवढ्यात तो धापा टाकत आला.

"ताई, थांबा! उघडलं नाही ना? ते चुकून भंगारात आलं, ज्यांचं आहे ते कंपनीवाले नाक्यावर शोधतायत. आत कॅन्सरच्या मशीनचा किरणांचा माल आहे, उघडला तर जीव जाईल."

मी चूल विझवली. त्याने मला, पोरांना, कोंबड्यांनासुद्धा लांब पिटाळलं आणि कंपनीची माणसं येईपर्यंत हात पसरून उन्हात उभा राहिला.

"विकलेला माल परत मागणारा भंगारवाला बघितलाय कधी?" म्हणाला. मला हसू आलं.

माणसांनी किरणं मोजायचं यंत्र फिरवून बघितलं. झाकण शाबूत होतं. ते भांडं घेऊन गेले, त्याला काहीच दिलं नाही. तरी त्याने खिसा उलटा करून मला चारशे रुपये दिले.

पुढच्या आठवड्यात त्याची हाक आली. त्याच्या खिशातले पैसे घेतले म्हणून मी लाजून बाहेर गेले नाही. तर ओट्यावर दगडाखाली दोनशे ठेवून ओरडला, "ताई, पूर्ण झाले!"