बारशाच्या दिवशीचा राउटर

लेकीच्या बारशाला ताई जयपूरला येऊ शकणार नव्हती. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, घर सोडून निघणं शक्य नव्हतं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि मला बहीण ती एकच. म्हणून तिनं गावाहून व्हिडिओ कॉलवरच नाव सांगायचं ठरलं.

आम्ही नुकतेच गोपालपुऱ्यातली खोली सोडून शहरातच सोडाला भागात राहायला आलो होतो. घर तळमजल्यावर, मागच्या अंगाला. मोबाईलवर बोलणं ऐकू यायचं, पण चित्र अडकायचं. ब्रॉडबँडची वायर त्याच सकाळी आली. ती जोडणारे भैया घाईत होते, तेव्हा राउटर मीच लावायला घेतला. घरातला पहिला पदवीधर मी. अशी कामं माझ्याकडेच येतात आणि जमत नाही म्हणायला मला संकोच वाटतो. फोनवर राउटरचं पान उघडलं, जोडणीच्या प्रकारात आयडी-पासवर्डनं चालणारा पीपीपीओई निवडला, आमचा जुनाच आयडी आणि पासवर्ड भरला. दिवा लाल तो लालच. पुन्हा भरून पाहिलं. इकडे बायका जमल्या होत्या, पाळणा सजला होता.

कंपनीला फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, हा आयडी दुसऱ्या राउटरवर चालू आहे आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी चालतो. म्हणाल तर तिकडची लाइन आत्ता तोडते.

तेव्हा लक्षात आलं. आमच्या जुन्या खोलीत बाडमेरकडच्या एका गावातली मुलगी कोचिंगसाठी राहायला आली होती. जुना राउटर मी तिथेच ठेवला होता आणि महिना संपेपर्यंत वापर म्हणून तिला सांगितलं होतं. एक आयडी दोन घरी चालेल, असं मी खुशाल धरून चाललो होतो.

बाईंना थांबायला सांगून मी मुलीला फोन केला. वरच्या बॅचसाठीची तिची ऑनलाइन परीक्षा आता सुरू होणार होती, दीड तासाची. मध्ये तुटलं तर पुन्हा बसू देत नाहीत, असं म्हणाली. मग स्वतःहूनच, "नेट तुमचं आहे भैया. तुम्ही म्हणाल तर बंद करते."

लगेच सांगतो म्हणून मी फोन ठेवला. ताईला साधा फोन लावून सगळं सांगितलं.

ताई दहावीला वर्गात पहिली आली होती. कॉलेज तालुक्याला, आणि पोरीला एकटीला एसटीनं पाठवायचं नाही म्हणून तिचं शिक्षण तिथेच थांबलं. पुढे त्याच एसटीत मला बसवून द्यायला, डबा घेऊन, तीच यायची. हे ती कधी बोलून दाखवत नाही.

"मुहूर्त कुठं पळून चाललाय?" ताई म्हणाली. "पोरीचा पेपर होऊ दे. तोवर बायकांना घुगऱ्या वाढ."

मुलीला तसं कळवलं आणि तिनं पेपर संपताच तिकडचा राउटर बंद केला. आमचा दिवा हिरवा झाला आणि नवी साडी नेसून बसलेली ताई पडद्यावर आली. मी फोन बाळाच्या कानाशी धरला. ताईनं नाव सांगितलं, बायकांनी कुर्रर्र केलं. आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे, पण पाठ कुठून आणणार? शेजारच्या काकूंनी फोनच्याच पाठीवर चापट्या मारल्या.

"हळू हो काकू, लागतंय मला," ताई हसत म्हणाली.

मग मी फोन तोंडासमोर घेतला, तर तिचं पहिलं वाक्य, "त्या पोरीला विचारलंस का, पेपर कसा गेला?"