छातीशी धरलेली बोटं

बायको गेली त्या वर्षी मला वर्गातला गलका सोसवेना. धनजच्या शाळेत चौथी माझ्याकडे होती. मी फर्मान काढलं, तोंडानं उत्तर द्यायचं नाही. फळ्यावर प्रश्न, खाली चार उत्तरं. वाचून झालं की डोळे मिटायचे आणि जितव्या क्रमांकाचं उत्तर बरोबर वाटेल तितकी बोटं छातीशी धरायची. येत नसेल तर मूठ. तपासणीला आलेले साहेब या युक्तीवर खूश झाले. खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही.

प्रश्न मात्र मी मन लावून काढायचो. तेवढंच एक काम उरलं होतं. चुकीची उत्तरं उगाच लिहायची नाहीत, पोरं जिथं घसरतात तिथूनच उचलायची, म्हणजे कोण कुठं चुकलं ते बोटांवरूनच कळतं. स्वतःची पाठ मी बरीच थोपटून घेतली.

एकदा लिहिलं : एक बाई तासाभरात विहिरीतून वीस घागरी पाणी ओढते, तर तीन बायका किती ओढतील? सतरा, वीस, तेवीस, साठ. सतरा वजाबाकीवाल्यांसाठी, तेवीस बेरीजवाल्यांसाठी. वीस निव्वळ भरतीचं. ते कुणी निवडणार नाही याची मला खात्री होती.

बौद्धपुऱ्यातल्या एका मुलीनं दोन बोटं धरली. वर्गातली सगळ्यात तल्लख पोर. स्कॉलरशिपच्या परीक्षेला तिला बसवायचं हे ठरलेलंच होतं.

"तुले एवढंही येत नाही काय?" मी म्हणालो. पोरं डोळे उघडून हसली.

त्या दिवसापासून ती प्रत्येक प्रश्नाला मूठ धरू लागली. मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. स्कॉलरशिपची यादी पाठवली, त्यात तिचं नाव घातलं नाही.

पुढं एका सकाळी बौद्धपुऱ्यावरून जाताना ती विहिरीवर दिसली. विहिरीला चाक एकच. एक बाई पाणी ओढत होती, दोघी दोर घेऊन नुसत्या उभ्या होत्या. मी तिथंच थांबलो.

"म्हणून वीस?" मी तिला विचारलं.

"हो न, गुरुजी. चाक तं एकच हाये. तिघी आल्या काय अन् धा आल्या काय."

"मंग तवाच काहून नाही सांगितलं?"

"तुमी बोटंच मांगली. काहून ते कुठं इचारलं?"

खरं होतं तिचं. बायको गेल्यापासून मला कुणी काही विचारू नये असं वाटे, आणि मीही कुणाला काही विचारत नव्हतो. यादीत तिचं नाव घालता येतं का ते पाहायला तालुक्याला जाऊन आलो. मुदत संपली होती.

परीक्षेच्या सकाळी तीन मुलांना घेऊन कारंज्याची एसटी धरली. खिडकीतून विहीर दिसली. ती घागर घेऊन दोघींच्या मागं उभी होती.