वाळवीवाल्या मॅडम

लग्नात आलेले स्टीलचे डबे आणि एखाद्या माणसाचे किस्से घरात कसे साचत जातात, कळत नाही. कोणी दिले ते आठवत नाही, पण फेकवतही नाहीत. आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या चहाच्या टेबलावर सगळ्यात मोठा साठा लोणारे मॅडमचा आहे. आता त्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्यात, म्हणून जरा जपून सांगावं लागतं. जपून म्हणजे आम्ही दार लावून घेतो, एवढंच.

मॅडमचं सगळं आयुष्य वाळवीत गेलं. हा टोमणा नाही, तो त्यांचा विषय आहे. विभागाच्या मागच्या पडीक जागेत सात-आठ वारुळं आहेत, काही तर माणसापेक्षा उंच. नोकरीला लागल्यापासून मॅडम रोज सकाळी आधी तिथे जायच्या आणि मग वर्गात. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर फळमाश्या पाळायचो, त्यामुळे आमच्या खोलीत पाहुणे फारसे फिरकत नसत. "सगळं मिळालं मले," मॅडम म्हणायच्या, "आता एवढी जागा तेवढी माझ्या मागं राहिली पाहिजे."

*

वारूळ म्हटलं की आपल्याकडे नाग आलाच. दर नागपंचमीला मागच्या वस्तीतल्या बाया ताट घेऊन यायच्या. मॅडम देवाधर्माच्या वाटेला न जाणाऱ्या. कुठे भूमिपूजन असलं आणि नारळ हातात आला, की शेजारी जो उभा असेल त्याच्या हातात देऊन मोकळ्या. पण या बायांच्या हळद-कुंकवाला त्यांची हरकत नव्हती, ते वरच्या वर राहतं. त्यांचं भांडण होतं दुधाशी. वाळवी आत बुरशीची शेती करते, आणि दूध झिरपलं की ती शेती सडते.

एका वर्षी मॅडम छत्री घेऊन पहाऱ्यालाच उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्या बाईने तांब्या कलता केला तशा धावल्या. "अवं बाई, इथं नाग नाही. मी रोज येतो, मले कधी दिसला नाही. ते दूध घरी नातवाले पाज."

बाईने तांब्या सरळ केला, मॅडमना खालून वर पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "नाग नाही त मंग तुम्ही रोज काहून येता वं?"

हा प्रश्न मॅडमनी पुढे अनेक वर्षं पीएचडीच्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी विचारला. समाधानकारक उत्तर अजून कोणाचं आलेलं नाही.

*

कुलगुरूपदाच्या मुलाखतीला त्या गेल्या ते आम्ही ढकललं म्हणून. बाकीचे उमेदवार नवे सूट शिवून आले होते, मॅडम रोजच्या सुती साडीत. समितीतल्या एका साहेबांनी जरा तिरकसपणेच विचारलं, की जन्मभर किडे पाहिलेत, एवढ्या हजारो माणसांचा कारभार तुम्हाला झेपेल का?

मॅडम म्हणाल्या, "सर, एका वारुळात लाखो जीव राहतात. हवा खेळती असते, अन्न पुरतं, बांधकाम कधी थांबत नाही. आणि इतक्या वर्षांत मी तिथे एकही मीटिंग पाहिली नाही."

समितीची ती त्या दिवशीची पाचवी का सहावी मीटिंग होती म्हणे. निवड झाली!

*

पहिल्या दिवशी कुलसचिव, म्हणजे विद्यापीठाचा कागदोपत्री कारभार पाहणारे आमचे साहेब, भलामोठा पुष्पगुच्छ घेऊन दालनात शिरले. खुर्ची रिकामी. आतल्या खोलीत पाहतात तर नव्या कुलगुरू जमिनीवर गुडघे टेकून एका जुन्या लाकडी कपाटाला कान लावून बसलेल्या. त्यांनी हातानेच साहेबांना थांबवलं, बोटाच्या पेराने कपाट ठोकलं, परत ऐकलं. साहेब गुच्छ घेऊन तसेच उभे.

मग मॅडमनी कपाट उघडलं. आत कधीकाळच्या चौकशी समित्यांच्या फायली होत्या. वरून नुसते पुठ्ठे शिल्लक, आत सगळा भुगा. साहेबांच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यांनी लगेच औषध फवारणीवाल्याला बोलावतो म्हणून सांगितलं.

"कशाला?" मॅडम म्हणाल्या. "फायली निकाली काढणारे या ऑफिसातले हे पहिलेच कर्मचारी आहेत. बाकीचं सामान हलवा, कपाट राहू द्या. कामाचं आहे."

*

मोर्चाचा किस्सा मी स्वतः पाहिलाय. होस्टेलच्या मेसमधल्या जेवणावरून पोरं भडकली होती आणि त्यांचं म्हणणं खरं होतं, ती भाजी मी खाल्लेली आहे. मोर्चा आला, घोषणा सुरू झाल्या. कुलसचिव पोलिसांना फोन लावायला निघाले. मॅडम मात्र गॅलरीत उभ्या राहून वारुळाकडे पाहतात तशा, मान तिरकी करून, पाहत राहिल्या.

मग खाली उतरल्या आणि विचारलं, की मेसमध्ये रोज जेवतं कोण? पुढे घसा फोडणाऱ्या नेत्यांपैकी एकाचाही हात वर झाला नाही. ते सगळे आपापल्या घरी जेवणारे. हात वर झाले ते मागच्या रांगांत. मॅडमनी त्या मागच्यांना आत नेलं, समोर बसवलं, मेसवाल्यालाही बोलावलं आणि तासाभरात काय ते ठरवून टाकलं. बाहेर नेते एकटेच घोषणा देत राहिले, आवाज बसत चालला होता.

मॅडमनी त्यांच्यासाठी तर्री-पोहे पाठवले. सोबत निरोप होता, "वारुळातल्या सैनिकाले स्वतः खाता येत नाही, कामकऱ्यांनीच त्याले भरवा लागते. घ्या, जेवून घ्या." नेत्यांना निरोप कितपत कळला माहीत नाही, पण प्लेटा चाटूनपुसून परत आल्या.

*

मॅडमचा ड्रायव्हर बबन. त्याने गाडीला लिंबू-मिरची बांधली. मॅडम रागावल्या नाहीत, त्यांनी प्रयोग लावला. विद्यापीठाच्या दोन सारख्या गाड्या, एकीला लिंबू बांधायचं, दुसरीला नाही, बघू काय होतं ते. महिन्याभरात लिंबूवाल्या गाडीला दोन पोचे आले. बिनलिंबाची गाडी जशीच्या तशी.

मॅडम खूश. नंदनवनमधल्या घराशी उतरताना त्यांनी बबनला विचारलं, आता तरी पटलं का?

बबनने पोच्यावरून हात फिरवला. "पटलं ना मॅडम. निंबू नसतं त चार पोचे आले असते."

मॅडम आम्हाला म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदाच मी निरुत्तर झाले. आम्ही त्यांना तांब्यावाल्या बाईची आठवण करून दिली.

*

आणि आता गेस्ट हाऊस. पाहुण्यांसाठी व्हीआयपी गेस्ट हाऊस बांधायचं कुलसचिवांच्या मनाने घेतलं आणि नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं आमच्या विभागामागच्या पडीक जागेवर. विषय व्यवस्थापन परिषदेपुढे आला. आम्हाला वाटलं, मॅडम कुलगुरू आहेत, एका शब्दात उडवून लावतील. मॅडम खुर्चीवरून उठल्या. या जागेत माझा जीव अडकलाय, म्हणून मी यावर बोलणार नाही आणि मतही देणार नाही, असं सांगून त्या बाहेर जाऊन बसल्या. ठराव मंजूर झाला, आणि उद्याच सकाळी जेसीबी लावतो म्हणून कुलसचिवांनी जाहीरही केलं.

संध्याकाळी त्या आमच्या टेबलावर चहाला आल्या. कप तसाच गार होत होता. "नियमानं वागली गा मी," त्या मला म्हणाल्या, "पण लय वाईट वाटून राहिलं." मलाही फार वाईट वाटत होतं. निघताना त्यांनी बबनला सांगितलं, की गाडी बर्डीच्या बाजारातून घे. भाजी घ्यायची असेल, मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतापनगरहून मी मुद्दाम लवकर निघालो. शेवटचं एकदा पाहून घ्यावं म्हणून. पोचलो तर जेसीबी बंद, ड्रायव्हर खाली उतरून चपला काढून हात जोडून उभा. लकडगंजचा कंत्राटदारही उभा, त्याच्याही पायात बूट नाहीत. समोर एकूण एक वारूळ पुजलेलं. हळद, कुंकू, झेंडूचे हार, उदबत्त्या अजून जळत होत्या. नागपंचमी होऊन कित्येक महिने लोटले होते.

"सर, अपनसे नहीं होगा," कंत्राटदार कुलसचिवांना म्हणाला. "घर में बालबच्चे हैं. जगह बदल दो, दूसरी तरफ बना के देता." कुलसचिवांनी समजावलं, दम दिला, शेवटी विनवण्याही केल्या. जेसीबी आला तसा परत गेला. गेस्ट हाऊस आता पार्किंगच्या पलीकडे होतंय.

मी वारुळांभोवती एक चक्कर मारली. हळद सगळीकडे होती, कुंकू सगळीकडे होतं. दुधाचा मात्र कुठे थेंबही नव्हता.

तेवढ्यात मॅडमची गाडी आली. कुलसचिव तावातावाने धावले. विज्ञान विभागाच्या आवारात हा असला प्रकार म्हणजे विद्यापीठाला काळिमा आहे, याची चौकशी झालीच पाहिजे, असं त्यांनी सगळ्यांसमोर सुनावलं. बबन काच पुसत होता, त्याने मान वर केली नाही.

मॅडमनी वारुळांकडे पाहिलं. चेहरा अगदी गंभीर.

"झालीच पाहिजे," त्या म्हणाल्या. "आजच समिती नेमा. आणि फाइल इकडेतिकडे ठेवू नका. माझ्या आतल्या खोलीत ते लाकडी कपाट आहे ना, त्यात ठेवा."