बुलबुलांचा तपासनीस

आमच्या ह्यांचा कुणावर सहज विश्वास बसला, असा एक दिवस मला आठवत नाही. एकतीस वर्षं वीज खात्यात मीटर तपासनीस होते. जिन्याखाली वाकायचं, बॅटरी मारायची आणि मीटरचं सील कुणी हलवलंय का ते बघायचं, हीच नोकरी. लोक गोड बोलून चहा पुढे करायचे. हे चहाला हात न लावता सीलची तार बोटाने चाचपायचे. चहा दिला म्हणजे आत काहीतरी गडबड आहे, हे ह्यांचं ठाम मत.

हे निवृत्त झाले, पण ह्यांचा संशय काही निवृत्त झाला नाही. मी गॅस बंद केलाय म्हटलं तरी उठून बघणार. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून सांगितलं, तर ह्यांनी विचारलं, "तुमचं यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंय?" मी कपाळाला हात लावला.

त्याच डॉक्टरांनी रोज मोकळ्या हवेत बसायला सांगितलं, म्हणून हे मागच्या बागेत खुर्ची टाकून बसायला लागले. बाग म्हणजे काय, तर एक डाळिंब, एक कण्हेर, मेंदीचं कुंपण आणि माझी कपडे वाळत घालायची दोरी. वसंत लागला होता, जो तो पक्षी चोचीत काड्या घेऊन पळत होता. मला वाटलं, चला, आता तरी घराला शांतता मिळेल. कसली शांतता! आठवड्याभरात ह्यांनी सगळ्या बागेची चौकशी लावली. मागच्या दिव्याच्या वायरला शिंजिराने घरटं लटकवलं, तर म्हणाले, "ही अनधिकृत जोडणी आहे." शिंपी पक्षी पानं शिवताना दिसला, तर "एवढं लपवायचं काय असेल ह्याला?" खार नुसती भिंतीवरून पळाली तरी तिची वेळ वहीत.

खूश होते ते फक्त कोकिळेवर. कुंपणापलीकडच्या उंच झाडावर कावळ्याचं घरटं होतं. एका सकाळी नराने ओरडून कावळ्यांना आपल्या मागे पळवत नेलं आणि तेवढ्यात मादी घरट्यात शिरून आपलं अंडं घालून आली. हे टाळी वाजवतच घरात आले. "बघितलंस? आणि गळा काय गोड!" एक तरी संशय खरा ठरल्याचा केवढा तो आनंद! त्या दिवसापासून कावळा ह्यांच्या लेखी फिर्यादी झाला. बिचारा साधा, फसवला गेलेला. त्याला रोज सकाळी पावाचा तुकडा सुरू झाला, आणि तोही टाकीच्या पाइपावर ह्यांची वाट बघत बसायला लागला.

बुलबुलाच्या जोडीने घरटं केलं ते डाळिंबात, माझ्या कमरेएवढ्या उंचीवर. तीन अंडी होती, गुलाबीसर, वर तांबडे ठिपके. मग काय विचारता! सकाळी आठ, दुपारी बारा आणि संध्याकाळी पाच, असं हे तीनदा रीडिंग घ्यायला जाऊ लागले. हे आले की पाखरू भुर्र उडायचं. हे पानं बाजूला करून अंडी मोजायचे आणि आकडा वहीत लिहायचे. नीट दिसावं म्हणून आड येणाऱ्या दोन डहाळ्या जुन्या सीलच्या तारेने मागे बांधून टाकल्या.

"अहो, त्या पाखराला जरा आडोसा राहू द्या की," मी म्हटलं.

"चोरी झाली तर वेळ कळायला हवी," हे म्हणाले. आणि चोर कळावा म्हणून झाडाखाली पीठ पसरलं. ते पीठ मी दिलं. चांगलं चाळून दिलं. हे मी लपवणार नाही.

नवव्या दिवशी बारा वाजता तीन अंडी होती, पाच वाजता एकही नव्हतं. टरफलाचा तुकडासुद्धा नाही. पिठात मात्र मांजराची पावलं उमटलेली.

मांजर पलीकडच्या सिस्टरांची. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. एकट्या राहायच्या. घरात दुसरा जीव म्हणजे ही करडी मांजर, आणि तिला त्या 'म्हातारी' म्हणायच्या. सकाळी कुंपणापलीकडून आवाज यायचा, "म्हातारे, गोळी घ्यायची वेळ झाली." आधी मला वाटायचं, कुणीतरी आजीबाई राहायला आल्या आहेत.

हे पावलांचे ठसे कागदावर उतरवून सिस्टरांच्या दारात उभे राहिले. मी मागे.

"गेली असेल ती तुमच्या बागेत, मी नाही कुठे म्हणते?" सिस्टर म्हणाल्या. "त्या डाळिंबाच्या सावलीत ती रोज झोपते. पण साहेब, चौदा वर्षांची आहे ती. तोंडात चार दात उरलेत. खुर्चीवर चढायचं तर मी उचलून ठेवते."

"असंच म्हणतात सगळे. मीटर आपोआप थांबलं म्हणतात."

सिस्टरांचा चेहरा पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण खरं सांगू? माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. चार दात का होईनात, आहेत ना! इतकी वर्षं ह्यांच्याबरोबर संसार केल्यावर तो रोग लागतोच.

ह्यांनी वसाहतीच्या कमिटीला लेखी तक्रार दिली, ठशांचा कागद जोडून. कमिटीचं सिस्टरांना पत्र गेलं, पाळीव प्राण्याचा त्वरित बंदोबस्त करावा. सिस्टरांनी ते दारातच वाचलं, घडी घातली आणि मला म्हणाल्या, "वहिनी, छत्तीस वर्षं वॉर्डात काढली. माझ्या नावाने असा कागद कधी आला नव्हता." दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीला टोपलीत घालून त्या बसने दोन तासांवर भावाकडे सोडून आल्या. निघताना टोपलीच्या फटीतून दोन पिवळे डोळे दिसले. मी नजर वळवली आणि दोरीवर कपडे वाळत घालायला लागले.

पंधरा दिवसांनी बुलबुलांनी पुन्हा घरटं केलं, ह्या खेपेला मेंदीत. अंडी दोन. "बघ आता कशी सुखात राहतात," हे म्हणाले. आणि पुन्हा आठ, बारा, पाच.

पाचव्या दिवशी बाराच्या सुमारास मी गच्चीवर चादरी झटकत होते. खाली हे मेंदीत हात घालून मोजत होते. पाइपावर कावळा. हे वाकले की तोही मान वाकडी करायचा. हे वही मिटून आत गेले. दाराचा आवाज झाला न झाला तोच कावळा सरळ खाली आला, न शोधता, न थांबता, जिथे ह्यांनी पानं सारली होती तिथेच. चोचीत एक अंडं घेऊन गेला. मी ओरडत जिना उतरेपर्यंत दुसरंही नेलं.

"अहो, तुमचा फिर्यादीच चोर आहे! आणि घरटं त्याला तुम्ही दाखवताय, दिवसातून तीनदा!"

ह्यांनी वही काखेत मारली. मग म्हणाले, "सिस्टरांनी पढवलंय तुला."

माझा संताप संताप झाला. "एकदा तरी कुणाचं खरं माना हो! मी काय मीटर आहे?" मी म्हटलं, आणि दिवसभर बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता हे वही घेऊन बाहेर पडले, ते कण्हेरीकडे. तिथे घरटं नव्हतं, काडीसुद्धा नव्हती. तरी ह्यांनी पानं सारली, बोटाने मोजल्यासारखं केलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि आत येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभे राहिले. मीही जाऊन शेजारी उभी राहिले. कावळा पाइपावरून उतरला, कण्हेरीवर बसला आणि ह्यांनी सारलेल्या पानांत मान खुपसून आत बघायला लागला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. काही मिळेना, तेव्हा मागच्या पायरीवर येऊन पावासाठी ओरडायला लागला.

ह्यांनी वही ओट्यावर ठेवली. "अगं, मी त्या म्हातारीला..." एवढंच म्हणाले. मग चपला घातल्या आणि निघाले. त्या अवस्थेत एकटं कसं सोडणार? मीही गेले.

सिस्टरांनी दार उघडलं. ह्यांनी एका दमात सांगून टाकलं. "सिस्टर, अंडी कावळ्याने नेली. आणि त्याला घरटं मी दाखवलं. दोन्ही वेळा. कमिटीला तसं लिहून देतो. मला तुमच्या भावाचा पत्ता द्या, आत्ताच्या बसने जाऊन तिला घेऊन येतो."

सिस्टर दाराला धरून उभ्या होत्या. "ती गेली, साहेब. बारा दिवस झाले. तिथे तिने अन्नाला तोंडच लावलं नाही."

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "अहो सिस्टर, मग बोलला का नाहीत? भिंतीला भिंत लागून राहतो आपण."

त्या माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे बघत होत्या. "काय बोलू, वहिनी? साहेबांना ते खरं वाटलं असतं का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. काहीतरी सारवासारव करतील असं मला वाटलं. मीसुद्धा केली असती.

"नाही," हे म्हणाले. "नसतं वाटलं."

सिस्टरांनी मान हलवली आणि हळूच दार लावून घेतलं. आतून कडी लागली. आम्ही दोघं पायरीवर तसेच उभे राहिलो.